वाफेची इंजिनं आणि जुन्या फटफट्या: इंग्लंडची सहल कशी आखाल

लहानपणी फलाटावर उभं राहून ज्यांनी वाफेचं इंजिन येताना पाहिलंय, किंवा घरातल्या कुणाच्या बुलेटच्या टाकीवर बसून गावभर फेरी मारलीय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. इंग्लंडमध्ये या दोन्ही गोष्टी अजून चालू आहेत. त्या आगगाडीचं तिकीट काढून तुम्ही डब्यात बसू शकता. रविवारी सकाळी एखाद्या चहाच्या टपरीबाहेर १९५० सालची नॉर्टन मोटरसायकल पेट्रोलचा वास सोडत उभी असते आणि तिचा मालक तिच्यावर बसूनच घरी जातो.

ब्रिटिश रेल्वेने वाफेची इंजिनं ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरून काढली. त्याआधी, तोट्यातले मार्ग बंद करा असं सांगणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर, हजारो मैलांचे छोटे मार्ग बंद होत होते. गावकऱ्यांनी, निवृत्त रेल्वेवाल्यांनी आणि शौकिनांनी वर्गण्या काढून त्यातले काही मार्ग विकत घेतले. वेल्समधल्या बॅरी गावच्या भंगाराच्या यार्डातून तब्बल २१३ इंजिनं सोडवून आणली. आज तुमचं तिकीट तपासणारा, सिग्नलचा दांडा ओढणारा, कोळसा टाकणारा माणूस बहुतेक वेळा पगार न घेणारा स्वयंसेवक असतो. हे डोक्यात ठेवून गेलात तर सहल वेगळी होते, कारण या माणसांशी बोलणं हाच तिचा अर्धा आनंद आहे.

आपलं नातंही जवळचं आहे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीची इंजिनं लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीत बनली होती. आणि आपली बुलेट मूळची वूस्टरशायरमधल्या रेडिच गावची.

## १. आधी रेल्वेचं कॅलेंडर, मग विमानाचं तिकीट

बहुतेक लोक उलट करतात. स्वस्त विमान बघून तारखा ठरवतात आणि तिकडे पोहोचल्यावर कळतं की त्या आठवड्यात गाडीच नाही. या जुन्या मार्गांना तिकडे हेरिटेज रेल्वे म्हणतात आणि त्या रोज चालत नाहीत. साधारण ईस्टरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत शनिवार-रविवार नक्की, शाळांच्या सुट्टीत आठवड्यातले बरेच दिवस, आणि जानेवारी-फेब्रुवारीत बरेचदा पूर्ण बंद, कारण रुळांची आणि पुलांची मोठी कामं तेव्हाच काढतात. डिसेंबरमध्ये सांताक्लॉजच्या खास गाड्या असतात. त्या लहान मुलांसाठी असतात आणि त्यांचं तिकीट वेगळं असतं.

प्रत्येक रेल्वेच्या संकेतस्थळावर रंगीत कॅलेंडर असतं. ज्या तारखेला जो रंग, त्या दिवशी त्या रंगाचं वेळापत्रक. रंग नसेल तर गाडी नाही. एवढं पाहूनच पुढे जा.

कॅलेंडरमध्ये ‘स्टीम गाला’ लिहिलेला शनिवार-रविवार दिसला तर त्याला धरून सगळी सहल बसवा. त्या दिवशी इतर रेल्वेवरून पाहुणी इंजिनं आणतात, गाड्या सकाळी लवकर सुरू होऊन रात्रीपर्यंत धावतात, आणि दिवसभराच्या एका तिकिटावर हव्या तितक्या फेऱ्या मारता येतात. अशा गाला साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरच्या आसपास येतात.

इथे तीन फसगती होतात. पहिली, ‘डिझेल गाला’ हा वेगळा प्रकार आहे. त्या दिवशी बहुधा वाफेचं इंजिन शेडमध्येच असतं. दुसरी, उन्हाळा फार कोरडा गेला तर ठिणग्यांनी गवत पेटेल म्हणून ऐनवेळी डिझेल इंजिन जोडतात. यावर उपाय नाही, म्हणून सगळी आशा एकाच दिवसावर ठेवू नका. तिसरी, एखादं ठरावीक इंजिन पाहायला जात असाल तर ते सध्या चालतंय का ते बघा. बॉयलरचं प्रमाणपत्र जास्तीत जास्त दहा वर्षांचं असतं. ते संपलं की इंजिन पूर्ण खोलून दुरुस्त होईपर्यंत उभं राहतं, आणि त्या दुरुस्तीला पैसे जमवता जमवता वर्षं जातात.

मोटरसायकलींचंही कॅलेंडर सोबत लावून पाहा. मार्चमध्ये लंडनजवळच्या एप्सम डाउन्सहून ब्रायटनपर्यंत १९१५ पूर्वीच्या गाड्यांची ‘पायोनियर रन’ असते. जूनमध्ये ‘बॅनबरी रन’ असते, त्यात १९३१ च्या आधीच्या गाड्या येतात. स्टॅफर्डच्या मैदानावर एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये जुन्या मोटरसायकलींचं मोठं प्रदर्शन भरतं. सप्टेंबरमध्ये हॅम्पशायरच्या ब्यूली गावी जुन्या सुट्या भागांचा प्रचंड बाजार बसतो.

माझं मत विचाराल तर एप्रिलचा शेवटचा पंधरवडा किंवा सप्टेंबर. दोन्हींत सप्टेंबर सरस. शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी कमी, आणि हवेत थोडा गारवा असल्यामुळे इंजिनाची वाफ पांढरीशुभ्र दिसते. भर उन्हाळ्यात तीच वाफ हवेत लगेच विरते आणि फोटोत काही येत नाही.

## २. मुक्काम बर्मिंगहॅमला करा

पहिल्या खेपेला लंडनमध्ये तळ ठोकू नका. बर्मिंगहॅम घ्या. लंडनच्या यूस्टन स्थानकातून गाडीने साधारण दीड तास लागतो. एकेकाळी इंग्लंडची मोटरसायकल म्हणजे हाच पट्टा होता, कंपन्यांचे कारखाने इथेच होते: बीएसए स्मॉल हीथला, नॉर्टन ब्रेसब्रिज स्ट्रीटला, एरियल सेली ओकला, व्हेलोसेट हॉल ग्रीनला, हे सगळं एकाच शहरात. शेजारी कॉव्हेंट्रीत ट्रायम्फ, वुल्वरहॅम्प्टनला एजेएस आणि सनबीम, दक्षिणेला रेडिचला एनफील्ड. आणि पश्चिमेला किडरमिन्स्टर, जिथून सेव्हर्न व्हॅली रेल्वे सुरू होते. एकाच खोलीतून रोज सकाळी वेगळ्या दिशेने निघायचं आणि रात्री परत यायचं. बॅगा ओढाव्या लागत नाहीत. हे महत्त्वाचं आहे, कारण हेरिटेज रेल्वेच्या डब्यात मोठ्या सुटकेसला जागा नसते आणि त्यांच्या स्थानकांवर सामान ठेवायची सोय सहसा मिळत नाही.

नेहमीच्या रेल्वेचं तिकीट काढताना ‘ऑफ पीक’ म्हणजे कमी गर्दीची स्वस्त वेळ नेमकी किती वाजल्यापासून ते त्या मार्गासाठी पाहून घ्या. चुकीच्या वेळी चढलात तर नवं तिकीट किंवा दंड भरावा लागतो. नवरा-बायको किंवा दोन मित्र कायम एकत्र फिरणार असतील तर ‘टू टुगेदर’ रेलकार्ड घ्या. साठी ओलांडली असेल तर ‘सीनियर’ रेलकार्ड. पर्यटकांनाही ती मिळतात आणि भाड्यात एक तृतीयांश सूट असते. मात्र ती नेहमीच्या रेल्वेवर. हेरिटेज रेल्वेचं तिकीट पूर्णपणे स्वतंत्र असतं. रविवारी रुळांच्या कामामुळे गाडीऐवजी बस सोडण्याचा प्रकार फार चालतो, म्हणून आदल्या रात्री प्रवास पुन्हा तपासा.

## ३. कागदपत्रं

- पासपोर्ट आणि स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि बोटांचे ठसे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या केंद्रावर द्यायचे. मुंबई आणि पुण्यात केंद्रं आहेत. प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधी अर्ज करता येत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये वेळा भराभर भरतात. फी आणि पद्धत बदलत राहते, म्हणून ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर जे लिहिलंय तेच खरं धरा.
- बँकेचं स्टेटमेंट, नोकरीचा किंवा धंद्याचा पुरावा, निवृत्त असाल तर पेन्शनची कागदपत्रं.
- दिवसवार बेत, एका पानाचा. कुठल्या तारखेला कुठली रेल्वे, कुठलं संग्रहालय. हेतू असा स्पष्ट लिहिलेला असला की अर्ज वाचणाऱ्याला प्रश्न पडत नाही. व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारी बुकिंग मात्र करू नका.
- मोटरसायकल चालवायची असेल तर ड्रायव्हिंग लायसन्स, ज्यावर गिअरच्या मोटरसायकलचा वर्ग स्पष्ट नोंदलेला आहे. नुसतं चारचाकीचं लायसन्स चालणार नाही.
- आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. हा आपल्या आरटीओतून मिळतो, परिवहनच्या पोर्टलवर अर्ज करायचा, आणि तो एक वर्ष चालतो. इंग्लंडमध्ये आपल्या मूळ लायसन्सवर पाहुणा म्हणून बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, पण भाड्याने गाडी देणारे हा परवाना मागू शकतात.
- प्रवास विमा. अनेक पॉलिसींमध्ये मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलवरचा अपघात वगळलेला असतो. ते कलम शोधून वाचा, आणि जादा पैसे भरून ते संरक्षण घ्या.

## ४. सेव्हर्न व्हॅलीचा दिवस

एकच हेरिटेज रेल्वे करायची असेल तर ही करा. किडरमिन्स्टर ते ब्रिजनॉर्थ १६ मैल, बहुतेक वाट सेव्हर्न नदीच्या काठाने. बर्मिंगहॅमच्या मूर स्ट्रीट किंवा स्नो हिल स्थानकातून किडरमिन्स्टरची गाडी मिळते. जमलं तर मूर स्ट्रीटहूनच निघा. ते स्थानक १९३० च्या दशकासारखं सजवून ठेवलंय आणि दिवसाचा सूर तिथेच लागतो. किडरमिन्स्टरला उतरलात की हेरिटेज रेल्वेचं स्थानक अगदी लागून आहे. ते दिसतं शंभर वर्षं जुनं, पण बांधलंय १९८४ साली, जुन्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या धाटणीने.

तिकीट घेताना दोन दर दिसले तर गोंधळू नका. जास्तीचा दर ‘गिफ्ट एड’सह, म्हणजे थोडी देणगी धरून असतो. तो तिथे कर भरणाऱ्यांसाठी आहे. पाहुण्याने साधा दर घ्यावा. देणगी द्यायची तर फलाटावर पेटी असते.

डबा इंजिनाला लागून असलेला निवडा, म्हणजे चढावरची धाप नीट ऐकू येते. बाजू कुठली घ्यायची? ब्रिजनॉर्थकडे जाताना ब्युडली सोडल्यावर नदी डावीकडे असते. मग व्हिक्टोरिया पूल येतो, २०० फुटांची एकच ओतीव लोखंडी कमान, १८६१ सालची, कोलब्रुकडेलच्या कारखान्यात ओतलेली. पूल ओलांडला की नदी उजवीकडे येते आणि जवळजवळ शेवटपर्यंत उजवीकडेच राहते. म्हणून पुलानंतरच्या आर्ली स्थानकात बाजू बदला. येताना याच्या उलट.

डब्याचं दार आतून उघडत नसेल तर घाबरू नका. खिडकीची काच खाली सरकवायची, हात बाहेर घालायचा आणि बाहेरची मूठ फिरवायची. गाडी पूर्ण थांबल्यावरच. आणि त्या खिडकीतून डोकं बाहेर काढायचा मोह टाळा. पुलांच्या भिंती फार जवळून जातात, आणि कोळशाचा कण डोळ्यात गेला की सगळा दिवस वाया जातो. चष्मा लावत नसाल तर साधा पारदर्शक गॉगल खिशात ठेवा.

सलग टोकापर्यंत जाऊन परत येऊ नका. जाताना हायलीला उतरा. तिथे ‘इंजिन हाउस’ आहे, सध्या न चालणारी इंजिनं अगदी हातभर अंतरावरून पाहता येतात. पुढच्या गाडीने ब्रिजनॉर्थ. तिथे फलाटावरच ‘रेल्वेमन्स आर्म्स’ नावाचा पब आहे आणि पुलावरून इंजिनांची शेड दिसते. परतीच्या वेळी एक गाडी मुद्दाम सोडा आणि इंजिन सुटताना नीट पाहा. सुटताना पुढून, चाकांजवळून, वाफेचे दोन फवारे जोरात निघतात. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी झालेलं असतं, आणि पाणी दाबलं जात नाही. ते तसंच राहिलं तर पिस्टनच्या दाबाने सिलिंडरचं झाकण फुटेल. म्हणून ड्रायव्हर खालच्या तोट्या उघड्या ठेवून पाणी हुसकून लावतो. थोडं अंतर गेलं की तोट्या बंद होतात, फवारे थांबतात आणि मग धुराड्यातून खरा ठोका सुरू होतो. हे कळल्यावर प्रत्येक स्थानकावर कान आपोआप त्या क्षणाची वाट पाहतो.

जाण्यापूर्वी पूर्ण मार्ग चालू आहे ना ते तपासा. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिजनॉर्थजवळचा भराव खचला आणि काही महिने गाड्या ब्रिजनॉर्थच्या आधीच्या स्थानकापर्यंतच जात होत्या. दीडशे वर्षं जुन्या मार्गावर असं घडतं.

वेळ असेल तर दुसरी रेल्वे म्हणून लफबरोची ग्रेट सेंट्रल निवडा. मार्ग आठच मैलांचा, पण दुहेरी रुळांचा. समोरून दुसरी वाफेची गाडी पूर्ण वेगाने घसटून जाते, हे दृश्य दुसरीकडे सहसा मिळत नाही. तिथल्या स्टीम गालामध्ये टपालगाडीचं प्रात्यक्षिक असेल तर चुकवू नका. रुळांलगतच्या खांबाला टांगलेली टपालाची चामडी थैली धावती गाडी जाळीत झेलते. लफबरोला जाताना लेस्टर लागतं. तिथल्या बेलग्रेव्ह रोडवर गुजराती जेवण उत्तम मिळतं, शाकाहारी मंडळींनी तो दिवस तसाच आखावा.

## ५. इंजिनावर चढायचं असेल तर

बऱ्याच रेल्वे पैसे घेऊन तुम्हाला इंजिन चालवू देतात, अर्थात शेजारी त्यांचा ड्रायव्हर आणि फायरमन असतो. स्वस्त नाही. पण हौस असेल तर दुसरीकडे काटकसर करून हे करा. जागा काही महिने आधी भरतात आणि बहुधा गर्दी नसलेल्या दिवसांतच हे ठेवतात, म्हणून विमानाच्या तारखेआधी हीच तारीख पक्की करावी लागते.

सुती कपडे घाला. नायलॉनचं काही नको, ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतं. बूट जाड तळाचे, चामड्याचे. ड्रायव्हरच्या बाजूपेक्षा फायरमनच्या बाजूला जास्त वेळ मागा. काचेच्या नळीतली पाण्याची पातळी हलताना दिसते आणि फायरमनची नजर तिच्यावरून हटत नाही, कारण पाणी फार खाली गेलं तर भट्टीचं छत उघडं पडतं. कोळसाही ढीग करून टाकायचा नसतो. फावड्याला एक झटका द्यायचा आणि तो कोपऱ्यात, कडेला, पातळ पसरायचा. दोन फावडी टाकली की पाठ बोलायला लागते. गाडी ओढणाऱ्या माणसांबद्दलचा आदर तिथे शब्दांत सांगावा लागत नाही.

## ६. फटफट्या कुठे पाहायच्या

सोलिहलजवळचं नॅशनल मोटरसायकल म्युझियम हे पहिलं ठिकाण. जवळचं स्थानक बर्मिंगहॅम इंटरनॅशनल, पण पुढचा रस्ता मोठ्या वाहनांचा आहे, चालत जाऊ नका, टॅक्सी करा. उघडण्याचे दिवस आधी तपासा. १९८४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाला २००३ मध्ये आग लागली आणि शेकडो गाड्या जळाल्या. त्यातल्या कितीतरी पुन्हा सुटा-सुटा भाग जमवून उभ्या केल्या. त्या रांगांतून चालताना हे लक्षात ठेवा. अर्ध्या दिवसाच्या आत बाहेर पडू नका, आणि ब्रफ सुपीरियर आणि व्हिन्सेंट या नामांकित गाड्यांपुढेच सगळा वेळ घालवू नका. दोनशे-अडीचशे सीसीच्या साध्या बीएसए आणि व्हिलियर्स इंजिनाच्या गाड्या नीट पाहा. कामगार ज्यांवर बसून कारखान्यात जायचे त्या याच.

रेडिचला बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्थानकातून लोकल जाते, शेवटचं स्थानक तेच. मूळ कारखाना १९६७ साली बंद झाला. त्या जागेवर आता एनफील्ड इंडस्ट्रियल इस्टेट आहे, म्हणजे पाहण्यासारखं मोठं काही उरलेलं नाही. तरी बुलेटवाल्याने जावं असं मला वाटतं. सुया बनवणाऱ्या गावातून ही कंपनी कशी निघाली ते तिथल्या फोर्ज मिल सुई संग्रहालयात गेल्यावर उमगतं. बारीक पोलादाचं काम करणारे हात आधी सायकलकडे वळले, मग मोटरसायकलकडे. १९३२ साली बुलेट हे नाव आलं, १९५५ पासून ती मद्रासमध्ये जुळायला लागली, रेडिच विझलं आणि मद्रास चालू राहिलं.

हिंकलीला आजच्या ट्रायम्फचा कारखाना आहे. तिथलं प्रदर्शन पाहता येतं, आतल्या फेरीसाठी आधी नोंदणी करावी लागते. तिचीच चारशे सीसीची गाडी आता आपल्या चाकणला बनते. नॉर्टन २०२० पासून टीव्हीएसकडे आहे, बीएसएचं नाव महिंद्रांच्या गटाकडे. जुन्या शौकिनांशी बोलताना हा विषय हमखास निघतो आणि भारतीय माणसाला त्यात मानाची जागा मिळते.

संग्रहालयांपेक्षा मला रस्त्यावरच्या जागा जास्त आवडतात. डर्बीशायरमधल्या मॅटलॉक बाथला रविवारी दुपारी नदीकाठच्या रस्त्यावर मोटरसायकलींची रांगच रांग लागते आणि लोक चिप्स खात एकमेकांच्या गाड्या पाहत हिंडतात. लंडनला थांबणार असाल तर नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरचा एस कॅफे. १९३८ चा हा ढाबा १९६९ ला बंद पडला आणि पुन्हा उभा राहिला. कॅफे रेसर नावाच्या, शर्यतीच्या धाटणीने बदललेल्या गाड्या अशाच अड्ड्यांवर जन्मल्या.

कुणाच्याही गाडीला न विचारता हात लावू नका, बसायचं तर नावच नको. फक्त एवढं विचारा, “व्हॉट इयर इज शी?” आणि सांगा की आमच्या घरी बुलेट होती. पुढचा अर्धा तास तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

## ७. स्वतः चालवायची असेल तर

दोन पर्याय आहेत. आजची एनफील्ड किंवा ट्रायम्फ भाड्याने घ्यायची, किंवा जुन्या गाड्या भाड्याने देणारा शोधायचा. दुसरे थोडे असतात, वयाची आणि अनुभवाची अट कडक असते आणि अनामत रक्कम बरीच अडकते. विम्यातली तुमच्या खिशातून जाणारी रक्कम किती, हे सही करण्याआधी आकड्यात विचारून घ्या, आणि गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा.

हेल्मेट इथून नेऊ नका. नुसता आयएसआय शिक्का तिथल्या कायद्याला पुरत नाही. ब्रिटिश किंवा युरोपीय मानकाचं हवं. भाड्यानेही मिळतं.

जुन्या ब्रिटिश गाडीवर गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. जुन्या कास्ट आयर्न बुलेटवर वाढलेल्याला हे पायातच असतं. ज्याने फक्त आजच्या गाड्या चालवल्यात, त्याने मोकळ्या मैदानात सराव केल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये. घाईच्या क्षणी पाय जुन्याच सवयीने दाबतो. शिवाय पहिला गिअर वर की खाली, हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून मालकाला विचारा.

किक मारायची पद्धत अशी. पेट्रोलचा कॉक उघडा. आमाल कार्बोरेटरवरचं छोटं बटण पेट्रोल बोटाला लागेपर्यंत दाबा. हँडलवर इग्निशनचा लिव्हर असेल तर मागे घ्या. किक हळू दाबत कॉम्प्रेशन लागेपर्यंत, म्हणजे पायाला जड लागेपर्यंत आणा. डीकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा छोटा लिव्हर, ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवा. किक वर येऊ द्या आणि मग एकाच दमात तळापर्यंत पाय न्या. अर्धवट मारलेली किक उलटी येते आणि घोटा दुखावते. इंजिनाने लय धरली की लिव्हर पुन्हा पुढे.

पेट्रोल पंपावर साध्या पेट्रोलवर ‘ई१०’ लिहिलेलं असतं. जुन्या गाडीत महागडं ‘ई५’ भरा, जास्त इथेनॉल जुने रबर आणि सील खातं. रस्त्याच्या डावीकडून चालवायचं, त्यात नवं काही नाही. नवं आहे ते चौकातलं गोल वर्तुळ: उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, आणि तिथे तो खरोखर पाळतात. वेग मैलांत. वस्तीत ३०, कुठे कुठे २०, बाहेरच्या दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ६०. साठची परवानगी आहे म्हणजे साठने जायलाच हवं असं नाही. ड्रम ब्रेकची गाडी थांबायला बरंच अंतर घेते.

पहिल्या दिवशी ब्युडलीहून क्लिबरी मॉर्टिमरवरून क्ली हिल चढा आणि लडलोला उतरा. रस्ता वळणावळणाचा पण मोकळा. माथ्यावर मेंढ्या रस्त्यावर मोकाट हिंडतात, त्यामुळे वळणाआधी वेग कमी करा. हवा स्वच्छ असेल तर वरून वेल्सचे डोंगर दिसतात.

## ८. बार्शी आणि माथेरानचा धागा

स्टॅफर्डशायरमधलं मॅनिफोल्ड नदीचं खोरं परदेशी पर्यटकांच्या यादीत सहसा नसतं, पण मराठी माणसाने एक दिवस काढावा. कुर्डुवाडी-बार्शी छोटी रेल्वे १८९७ साली सुरू झाली ती एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या कल्पनेतून. अडीच फुटी रुळांवरही भरपूर माल नेता येतो हे त्याने बार्शीत सिद्ध केलं. मग तोच अनुभव घेऊन स्टॅफर्डशायरमध्ये लीक-मॅनिफोल्ड रेल्वे झाली, १९०४ साली, त्याच अडीच फुटी मापाची. तिच्या एका इंजिनाला कॅलथ्रॉपचंच नाव होतं. म्हणजे इथे धडा बार्शीने इंग्लंडला दिला.

ती रेल्वे १९३४ ला बंद पडली. आता त्या वाटेवर डांबरी पायवाट आहे, वॉटरहाउसेसपासून ह्यूम एंडपर्यंत सुमारे आठ मैल. चाला किंवा सायकल घ्या. वाटेत चुनखडीच्या कड्यात थॉर्स केव्ह नावाची गुहा दिसते. बस फार कमी आहेत, परतीची वेळ कागदावर लिहून ठेवा. ज्यांच्या आजोबांनी कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली, त्यांनी ही वाट जरूर चालावी.

लंडनकडे परतताना बेडफर्डशायरमधल्या लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेकडे वळता येईल. माथेरानसाठी १९०७ साली जर्मनीत बांधलेल्या इंजिनांपैकी एक तिच्या ताफ्यात आहे. ते पाहायलाच जाणार असाल तर आधी पत्र किंवा ईमेल टाकून त्या दिवशी दाखवतील का ते विचारा. माथेरानहून आलोय म्हटल्यावर उत्तर नक्की येईल.

## ९. किरकोळ पण अडणाऱ्या गोष्टी

पातळ रेनकोट रोज सोबत, ऊन असलं तरी. तीन जाड चौकोनी पिनांचा प्लग लागतो. पैसे सगळीकडे कार्डाने, पण सुट्या भागांच्या बाजारात आणि छोट्या देणगीपेट्यांसाठी थोडी नाणी-नोटा ठेवा. रुळांच्या कडेला फोटो काढायला जायचं तर रेल्वेची परवानगी लागते. कुंपण ओलांडलंत तर स्वयंसेवकांना गाडी थांबवावी लागते.

ब्यूली किंवा स्टॅफर्डला सुटे भाग विकत घेणार असाल तर आपल्या गाडीचं वर्ष, इंजिन नंबर आणि हव्या त्या भागाचा मोजपट्टी लावून काढलेला फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दुपारनंतर विक्रेते सामान आवरायच्या घाईत असतात, तेव्हा भाव उतरतो, पण चांगला माल सकाळीच जातो. वापरलेला कार्बोरेटर किंवा टाकी विमानात नेऊ नका. पेट्रोलचा वास आला तर सामान थांबवतात. गॅस्केट, केबल, लिव्हर, बॅज असल्या कोरड्या वस्तू घ्या, विक्रेत्याकडून हाताने लिहिलेली का होईना पावती मागा आणि ती सामानात वरच ठेवा, म्हणजे मुंबईच्या कस्टमला दाखवता येईल.